नॅरोगेजवरून आलेले सूर

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांपैकी एका रस्त्याच्या पोटगल्लीत एक दुकान आहे. पाटीवर 'रेडिओ-घड्याळ दुरुस्ती' असं लिहिलेलं आहे. आत रेडिओ नाही, घड्याळही भिंतीवरचं तेवढंच. जमिनीपासून माळ्यापर्यंत रचलेल्या आहेत त्या पेट्या. कुणाचा भाता फाटलेला, कुणाच्या पट्ट्या दात पडल्यासारख्या. एका कोपऱ्यात बेंजोचा सांगाडा, खिळ्याला लटकवलेली वीणा आणि अलीकडे तीन-चार गिटारीसुद्धा. पाटी बदलली का नाही, असं मी विचारलं तेव्हा चाचा म्हणाले, "पाटी वाचून कोन येतंय सर? आवाज ऐकून येत्यात." आपलं नाव छापायचं नाही, या अटीवर ते माझ्याशी बोलले. ती अट मी पाळतो आहे. खरं तर या लेखाचा विषयच तो आहे. आपल्याकडे वाद्य वाजवणाऱ्याचं नाव राहतं, बनवणाऱ्याचं क्वचित राहतं, आणि दुरुस्त करणाऱ्याचं राहतच नाही.

मी त्यांच्याकडे गेलो तो वडिलांची पेटी घेऊन. वडील उदगीर तालुक्यात शिक्षक होते, गावच्या भजनी मंडळाचे पेटीवाले होते. पेटी त्यांनी जुनीच विकत घेतली होती. तीन सप्तकं आणि वर थोडं, एकूण एकोणचाळीस पट्ट्या. प्रत्येक पट्टीखाली दोन सूर, एक खर्जाचा आणि एक नर. म्हणजे अठ्ठ्याहत्तर सूर. वडील सांगायचे, हे 'पॅरिसचे सूर' आहेत. वडील गेल्यावर मी ती एका मोठ्या शहरातल्या दुकानात दुरुस्तीला दिली. परत आली ती चकाचक पॉलिश होऊन. वाजवली, तर सगळं सुरात. पण आवाज वडिलांच्या पेटीचा नव्हता. घरात कुणालाच ते नीट सांगता येत नव्हतं. आई एवढंच म्हणाली, "ही आपली न्हाई."

चाचांनी वरची जाळी काढली, सुरांची फळी उचलून उजेडाकडे धरली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एक्केचाळीस बदलले. सदतीस ठेवलेत, पन त्येंनाबी घासलंय."

घासलं म्हणजे काय केलं आणि का केलं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

*

मराठवाड्यात वाद्यं येण्याचे रस्ते आगगाडीने आखले, असं माझं मत आहे. निजामाच्या राज्यात संगीताला आश्रय होता, पण तो हैदराबादेत. नांदेड, परभणी, उस्मानाबाद हे सारावसुलीचे जिल्हे. इथे गवई ठेवणारा राजा नाही. देशमुखाच्या वाड्यात वर्षातून एखादी बैठक झाली तर झाली. गाणं होतं ते देवळात, मठात, दर्ग्यात आणि वारीत. औशाच्या नाथ संस्थानात चक्रीभजनाची परंपरा आहे. वारकऱ्यांच्या सप्ताहात तर वीणा रात्रंदिवस खाली ठेवायची नसते, पहारे बदलतात पण वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. तेव्हा वाद्यांची गरज मोठी होती आणि वाद्य करणारा जवळपास नव्हता.

अशा मुलखात बार्शी लाइट रेल्वे आली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने अडीच फुटी रुळांवर उभी केलेली ही गाडी १८९७ मध्ये बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत धावली. १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. नकाशावर ही रेघ बोटाने काढून पाहा. एका टोकाला लातूर, दुसऱ्या टोकाला मिरज, मध्ये पंढरपूर. गाडी काढली ती कापूस, धान्य आणि यात्रेकरूंसाठी. पण एकाच रुळावर तंबोरे करणारं गाव, तंबोऱ्याचे भोपळे पिकवणारा भीमाकाठ आणि वीणेची वाट पाहणारा वारकरी मुलूख आला.

मिरजेची कथा पुष्कळांना ठाऊक असेल, पण तिच्यातला एक धागा इथे महत्त्वाचा आहे. मिरजेचा वाद्यव्यवसाय दुरुस्तीतून जन्मला. पटवर्धनांच्या संस्थानात गवई येत, त्यांची वाद्यं बिघडत, आणि दुरुस्तीला दूर उत्तरेत पाठवावी लागत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी हे काम हाती घेतलं. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार आणि झिलई देणारे. तलवारीचं काम संपत आलं होतं, हातातलं कसब शिल्लक होतं. आधी मोडलेलं जोडलं, जोडता जोडता आतली रचना कळली, आणि मग नवं केलं. पुढच्या पिढ्या 'सतारमेकर' झाल्या. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, लाकूड तुणीचं, हात मिरजेचा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा या दीडशे वर्षांवर सरकारी शिक्का बसला.

नांदेडला सिकलीगर शिखांची वस्ती आहे. नाव तेच, मूळ काम तेच, धारेचं आणि लोखंडाचं. मिरजेच्या शिकलगारांशी त्यांचा संबंध जोडण्याचा मोह मी आवरतो. व्यवसायाचं नाव सारखं असणं म्हणजे नातं असणं नव्हे. पण मनात येतं, की मिरजेत दरबार होता म्हणून तलवारवाल्याचा सतारवाला झाला. नांदेडला गुरू गोविंदसिंगांच्या वास्तव्यामुळे, १७०८ पासून, कीर्तनाची अखंड परंपरा आहे. आणि शीख कीर्तनाचं मूळ वाद्य तंतुवाद्यच, भाई मर्दानाचा रबाब. तरीही विसाव्या शतकात गुरुद्वाऱ्यागुरुद्वाऱ्यात बसली ती पेटी. इतकी घट्ट बसली, की २०२२ मध्ये अकाल तख्ताला अमृतसरच्या दरबार साहिबमधून हार्मोनियम टप्प्याटप्प्याने काढून तंतुवाद्यं आणावीत, असं सांगावं लागलं. रबाब, ताऊस, दिलरुबा आज पुन्हा शिकवले जातात हे चांगलंच आहे. मात्र ते जुळवायला, त्यांची कातडी आणि घोडी बदलायला कारागीर लागतो, आणि तो एका आदेशाने तयार होत नाही.

*

नांदेडची आगगाडी वेगळी. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज १९०० च्या सुमारास सिकंदराबादहून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला भिडला. मनमाडला मुंबईची गाडी मिळते. तेव्हा लातूरला वीणा आणि तंबोरे यायची वाट पश्चिमेची, तर नांदेडला पेटी यायची वाट मुंबईची. नियम म्हणून हे सांगत नाही. पण जुन्या भजनी मंडळांकडच्या ज्या पेट्या मी उघडून पाहिल्या, त्यांत नांदेडकडे मुंबईच्या दुकानांच्या पट्ट्या जास्त दिसल्या.

पेटी हे आपल्याकडचं सगळ्यात परकं आणि सगळ्यात घरगुती वाद्य. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँने १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला 'हार्मोनियम' या नावाचं पेटंट घेतलं. ते पायाने भाता मारायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं वाद्य होतं. मिशनरी आणि साहेब लोकांबरोबर ते इथे आलं. आपला गवई जमिनीवर बसतो, त्याला पाय मोकळे नसतात. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन कंपनीने १८८० च्या दशकात भाता मागे घेतला, पाय काढून टाकले आणि हाताने हवा भरायची पेटी केली. म्हणजे आपण जिला हार्मोनियम म्हणतो ती मुळातच एक दुरुस्ती आहे, इथल्या बसण्याच्या रीतीप्रमाणे केलेली.

महाराष्ट्रात तिला प्रतिष्ठा दिली संगीत नाटकाने. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत पेटीवाल्याशिवाय कंपनी चालेना. गोविंदराव टेंब्यांनी तिला मैफलीत स्वतंत्र स्थान दिलं. गंधर्व नाटक मंडळीत पायाचा ऑर्गन आला, तोही बहुधा अमेरिकन. ऑर्गन हवा आत ओढतो आणि हार्मोनियम बाहेर ढकलतो. म्हणून ऑर्गनचा सूर गोल, मागून आल्यासारखा, आणि पेटीचा समोरून अंगावर येणारा. मराठवाड्यालाही या वाद्याने एक मोठा माणूस दिला. अप्पा जळगावकर (१९२२-२००९) जालन्याजवळच्या जळगावचे. थोर गवयांच्या मागे त्यांची पेटी सावलीसारखी चालायची. मला त्यांच्याबद्दल कौतुक वाटतं ते एका गोष्टीचं : पेटीवर मींड निघत नाही, हे सगळ्यांना कळतं, पण त्यांचं वादन ऐकताना आठवत नाही.

पेटीचा जीव असतो सुरात. पितळेची एक चौकट, तिच्यात बसेल न बसेल अशी पितळेचीच एक जीभ, एका टोकाला रिबिटने पक्की. हवा गेली की जीभ चौकटीतून आत-बाहेर थरथरते. जीभ लांब तर सूर खालचा, आखूड तर वरचा. जीभ आणि चौकट यांच्यात अंतर जास्त राहिलं तर हवा वाया जाते आणि सूर उशिरा बोलतो. कमी राहिलं तर जीभ कडेला घासते आणि खरखरते. हे अंतर केसाएवढं असावं लागतं. जुने पॅरिसचे सूर, विशेषतः कासरिल कंपनीच्या पेट्यांतले, आणि जर्मनीचे सूर यासाठी नावाजलेले. परदेशी माल येणं बंद झालं तसे गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर सगळ्या देशात गेले. शत्रुंजयाच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव आज भारतातल्या असंख्य पेट्यांच्या पोटात आहे. पालिताण्याला नावं ठेवण्याची आपल्याकडे एक फॅशन आहे. चाचा ती ठेवत नाहीत. ते म्हणतात, चांगला पालिताणा वाईट जर्मनपेक्षा केव्हाही बरा, पण एका पेटीत दोन्ही घालू नयेत, "एका घरात दोन चुली."

*

पेटीवर मोठं संकट आलं ते १९४० मध्ये. आकाशवाणीचे तेव्हाचे नियंत्रक लायोनेल फील्डन यांनी १ मार्च १९४० पासून रेडिओवर हार्मोनियम बंद केली. रवींद्रनाथांचाही या वाद्याला विरोध होता. कारण असं, की पेटीचे बारा स्वर समान अंतरांवर बसवलेले असतात आणि आपले स्वर तसे नसतात. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येतो तो गंधार आणि पेटीचा गंधार यांत अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा फरक पडतो, पेटीचा चढा. स्वातंत्र्यानंतर नभोवाणीमंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांच्या काळातही बंदी टिकली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडलं.

गंमत अशी, की हा आक्षेप महाराष्ट्रातल्याच काही मंडळींनी तीस वर्षं आधी ओळखला होता आणि बंदीऐवजी दुरुस्तीचा मार्ग धरला होता. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांच्या प्रयोगांना मिळाला. ई. क्लेमंट्स या मुलकी अधिकाऱ्याने पुढाकार घेतला आणि कीटली मूर यांनी विलायतेत श्रुती-हार्मोनियम करून दिली. बडोद्याला १९१६ मध्ये भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या श्रुतीविचारावरून वाद झाले, आणि ती पेटी काही घरोघरी गेली नाही. पण डेप्युटी कलेक्टर, गवई आणि मुलकी साहेब एका पेटीवर वाकून कानस कुठे मारायची याचा विचार करताहेत, हे चित्र मला फार आवडतं.

रेडिओने घातलेल्या बंदीचा लातूर-नांदेडच्या खेड्यांवर काय परिणाम झाला? काहीही नाही. तिथे रेडिओच नव्हता. भजनाला, भारुडाला, कव्वालीला, तमाशाला पेटी होतीच. बंदीच्या त्या एकतीस वर्षांत खेड्यातली पेटी दुरुस्त कोण करत होतं, हा प्रश्न मी जुन्या मंडळींना विचारत गेलो. उत्तरं एकसारखी आली. कुठे सुतार, कुठे घड्याळजी, कुठे शाळामास्तर. ज्याच्या हातात बारीक काम आणि कानात सूर आहे तो. शिकवणारा कुणी नाही, सुटे भाग मिळत नाहीत. म्हणून भाग हातानेच करायचे. पट्टीखालची कमानी म्हणून छत्रीची तार, भात्याच्या घड्यांना शेळीचं मऊ कातडं, झडपेला जुन्या टोपीचा बनात, चिकटवायला सरस. पट्टीचा पांढरा तुकडा पडला तर म्हशीच्या शिंगाचा किंवा हाडाचा. मराठवाड्याचा उन्हाळा हा पेटीचा पहिला शत्रू. लाकूड सुकतं, सांधे उलतात आणि हवा नको तिथून जाते. दुसरा शत्रू उंदीर. त्याला सरस आणि कातडं दोन्ही आवडतं.

कातड्याचा विषय निघाला म्हणून एक सांगायला हवं. पखवाजाची पुडी, वादी, शाई हे काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी केलं, त्यांना त्याच पखवाजाच्या मागोमाग देवळात जाता येत नव्हतं. पखवाज आत, तो घडवणारा पायरीशी. वाद्यांच्या इतिहासात दुरुस्तीवाल्याचं नाव का नाही, याचं एक कारण विस्मरण आहे. दुसरं कारण हे आहे, आणि ते विस्मरणापेक्षा जुनं आहे.

*

बेंजोकडे अभ्यासकांनी पाहिलेलंच नाही. आपल्या मिरवणुकीतला 'बेंजो' अमेरिकन बँजो नव्हे. १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी 'ताइशोगोतो' नावाचं वाद्य काढलं. तारा ताणलेली लाकडी पेटी आणि वर टाइपरायटरसारखी बटणं; बटण दाबलं की तार पडद्यावर टेकते, दुसऱ्या हाताने नखी मारायची. हे वाद्य समुद्र ओलांडून हिंदुस्थानात आलं, 'बुलबुलतरंग' झालं, कव्वालीत शिरलं, आणि मराठी मुलखात 'बेंजो' झालं. नाव तिसरीकडचंच का पडलं, देव जाणे.

मराठवाड्यात या वाद्याचा खरा घरोबा भीमगीतांशी. वामनदादा कर्डकांच्या (१९२२-२००४) पिढीने गाणं वस्तीवस्तीत नेलं. पेटी, ढोलकी आणि बेंजो घेऊन गायन पार्ट्या एसटीच्या टपावरून गावोगाव गेल्या. एसटीचा टप म्हणजे वाद्याची परीक्षा. नामांतराच्या लढ्याची सोळा वर्षं, १९७८ ते १९९४, नांदेड जिल्ह्याने काय सोसलं ते इथे पुन्हा सांगत नाही. पण त्या काळात रात्ररात्र चालणाऱ्या कार्यक्रमांना आवाज लागे, आणि बुलबुलतरंगाचा मूळ आवाज चार ओळींपलीकडे जात नव्हता. म्हणून तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी बसवायची. गिटारचा पिकअप तो हाच. तयार पिकअप महाग, म्हणून गुंडाळी हाताने. नांदेडच्या इतवाऱ्यात मी एका बेंजोवाल्याला जळालेल्या मोटारीची तार शिलाई मशीनच्या चाकावर गुंडाळताना पाहिलं. वेढे किती, विचारलं तर म्हणाला, "मोजत नाय. दोन गाने म्हनायचे, तेवढ्यात होतं." कुठली दोन, तेही त्याचं ठरलेलं होतं. बटणं म्हणून जुन्या टाइपरायटरची बटणं, पडदे म्हणून पितळी पट्टी, अंग सागाचं किंवा प्लायचं. कारखान्यातल्या बेंजोवर हा माणूस बोटही ठेवत नाही. त्याच्या लेखी विकत आणलेलं वाद्य म्हणजे फक्त कच्चा माल.

गिटारबद्दल थोडंच सांगतो, कारण ती इथे नवी आहे. 'लातूर पॅटर्न'च्या शिकवण्यांसाठी बाहेरगावची हजारो मुलं लातुरात राहतात. त्यांतली काही स्वस्तातली गिटार घेऊन येतात. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवली की सरस सुटतो, तारांच्या ओढीने घोडी पोटावरून उखडते, मान वाकते. मुलगा घाबरून चाचांकडे येतो. चाचांनी आयुष्यात गिटार वाजवलेली नाही. त्यांनी घोडी पुन्हा चिकटवली, तारा टेकतात ती प्लॅस्टिकची पट्टी फेकून हाडाची घासून बसवली, आणि पोराला सांगितलं, "उन्हाळ्यात तार ढिली कर, आन कापड वलं करून खोलीत टांग." परीक्षेनंतर पोरगं निघून गेलं. पण त्याने आणखी सहा जणांना पत्ता दिला होता. आता दर शनिवारी संध्याकाळी दुकानात एक वेगळीच बैठक असते : एक निवृत्त ग्रामसेवक, एक बँड मास्तर, दोन भजनी आणि बारावीची ही पोरं. कुणाकडे जुन्या मेलेल्या पेटीचे सूर, कुणाकडे खुंट्या. देवाणघेवाण चालते, पैशाचा विषय शक्यतो निघत नाही.

*

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदली रात्र गणपती विसर्जनाची. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत माणसं उशिरा घरी येऊन झोपली होती. टाळ, पखवाज, पेट्या मिरवणुकीतून आणून भिंतीशी ठेवलेल्या होत्या. चारला काही मिनिटं कमी असताना त्या दगडमातीच्या भिंती कोसळल्या. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. त्या मानाने पेटी-पखवाजाचं काय, असं कुणीही म्हणेल. मीही तेच म्हटलं असतं. पण त्या हिवाळ्यात चाचांच्या दुकानात ढिगाऱ्यातून काढलेल्या पेट्या येऊ लागल्या. पत्र्याच्या शेडमध्ये राहणारी माणसं, ज्यांच्याकडे भांडी नव्हती, ती पेटी घेऊन आली. एकाने तर नुसती सुरांची फळी आणली होती, पेटी उरलीच नव्हती. चाचांनी तिला नवं अंग केलं. पैसे घेतले का, असं मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्या फळीतले चार सूर दबून चेमटले होते. बाजारात तसे मिळाले नाहीत, म्हणून त्यांनी हाताने केले.

हाताने सूर करणं म्हणजे काय ते मी बसून पाहिलं आहे. पितळेच्या पत्र्यातून कात्रीने पट्टी कापायची. ऐरणीवर हलके ठोके देऊन ती कडक करायची, नाहीतर जीभ लवकर मरते. मग कानस. बुडाशी जाड, टोकाकडे पातळ, किंवा खर्जाचा असेल तर उलट. चौकटीत बसवून रिबिट मारायची आणि खाली कागद सरकवून चौफेर फट सारखी आहे का पाहायची. तोंडाला लावून हवा ओढायची. बोलला तर बोलला. नाही बोलला तर जीभ किंचित वर उचलायची. चार सुरांना चाचांना अकरा दिवस लागले होते.

आता माझ्या पेटीकडे. सूर चढवायचा असेल तर जिभेच्या टोकाशी घासतात, टोक हलकं होतं आणि वेग वाढतो. उतरवायचा असेल तर बुडाशी घासतात. माझ्या पेटीतल्या उरलेल्या सदतीस सुरांची टोकं ताज्या कानशीने चमकत होती. का, तेही चाचांनीच सांगितलं, अर्थात त्यांच्या भाषेत : "पॅरिसवाले थोडे खालीच राहतात." फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने मूळ स्वराची पट्टी ठरवली, सेकंदाला ४३५ कंपनं. आज जगभर चालते ती ४४०. तिची शिफारस १९३९ मध्ये झाली. फरक पाच कंपनांचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्श्याचा. एकटी वाजवली तर जुनी पेटी कुणालाच उतरलेली वाटणार नाही. पण नव्या बासरीबरोबर, कीबोर्डबरोबर ती जमत नाही. दुकानदाराने आपल्या हिशेबाने चूक केली नव्हती; चांगल्या सुरांवर त्याचा डोळा होता हे वेगळं. बाकीचे त्याने आजच्या पट्टीत आणले. वडिलांची पेटी साठ वर्षं ४३५ वर होती, आणि आमच्या गावची भजनं त्याच पट्टीला बसली होती. आईच्या कानाला जे कळलं ते हे असावं.

"उतरवता येतील?" मी विचारलं.

"येतील. बुडाशी घासून येतील. पन दोन्हीकडनं घासलं की जिभंत काय ऱ्हातंय? न्हाईतर टोकाला कथलाचा थेंब द्यायचा. वजन वाढतंय, सूर खाली येतो. घासायचं काम न्हाई. उद्या कुनाला वाटलं तर थेंब काढता येतो."

शेवटचं वाक्य मी लिहून घेतलं. मोठ्या संग्रहालयांत जुन्या वस्तू जपणारे लोक हाच नियम पाळतात : करावं ते असं करावं, की पुढच्याला उलटवता यावं. चाचांनी तो कुठे वाचलेला नाही.

काम गेल्या दिवाळीला सुरू झालं. सदतीस सुरांवर कथलाचे थेंब चढले. ते सगळे नराच्या ओळीत बसले, तिथे दोन कमी पडले. शनिवारच्या बैठकीतल्या बँड मास्तरांनी अंबाजोगाईच्या एका बंद पडलेल्या मंडळाची पेटी आणून दिली. तिच्यात पॅरिसचे एकोणतीस सूर निघाले. दोन नराला गेले, उरलेले खर्जाला. खर्जाच्या एकोणचाळीस जागांपैकी बारा अजून रिकाम्या आहेत. दोन चाचा करताहेत. डोळ्याला आता बारीक फट दिसत नाही, म्हणून रिबिट मारायला बारावीतला एक मुलगा बसतो. गिटारवाला. बाकी दहांसाठी उदगीर, देगलूर, अहमदपूरकडच्या मंडळांना निरोप गेलेले आहेत. आई दर आठवड्याला फोनवर विचारते, "झाली का?" परवा मी पेटी अर्धवटच घरी नेली. तिने भाता हलवला, मधली पांढरी पट्टी दाबली आणि तशीच धरून ठेवली.

मुलगा म्हणत होता, पुढच्या शनिवारी आणखी एक सूर बोलेल.